ओढणें, मळणें, लावणें

तंबाखूच्या इतिहासावर लिहूं लागलें म्हणजे लेखणी आपोआप बादशहाच्या दरबाराकडे वळते. दरबारांत लिहिणारे होते, खेड्यांत नव्हते. त्यामुळें बादशहानें तंबाखू कशी ओढली हें आपणांस तपशिलानें ठाऊक असतें, आणि ती शेतांत निंदणाऱ्या बाईच्या दांतांना कशी लागली हें कोणीं लिहून ठेवलेलें नसतें. प्रस्तुत लेखांत आम्हांस ह्या दुसऱ्या गोष्टीचा माग काढावयाचा आहे. तंबाखूनें कर्करोग होतो हें आतां शाळेंतल्या मुलालाही नव्यानें सांगावें लागत नाहीं. परंतु तो कोणत्या तंबाखूनें होतो, कोणास होतो, आणि ती तंबाखू सुटावी म्हणून कोणास काय विचारावयाचें, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यांत महाराष्ट्राचीं ऐंशीं वर्षें गेलीं. आणि तिसऱ्याचें उत्तर आमच्या मतें अजून नीटसें सांपडलेलें नाहीं.

एक गांव डोळ्यांपुढें ठेवून आम्ही हा विचार करणार आहों. हिंगोली शहराच्या पश्चिमेस सेनगांव हें तालुक्याचें ठिकाण आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, आणि १ मे १९९९ रोजीं परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हां ह्या नव्या जिल्ह्यांत गेला. राज्यें बदललीं, जिल्हा बदलला, कापसा-जोंधळ्याच्या रानांत सोयाबीन आलें, हळद आली. तंबाखू मात्र होती तेथेंच राहिली. कापडी चंची जाऊन प्लॅस्टिकची पुडी आली, एवढाच काय तो फरक. येथल्या पानपट्टीपुढें घटकाभर उभें राहिलें तर तंबाखूच्या व्यवहाराचें सगळें शास्त्र पाहावयास मिळतें. म्हातारा तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, नखानें चुना लावतो, अंगठ्यानें मळतो, दोन टाळ्या देऊन भुकटी उडवितो, आणि खालच्या ओठाआड बार भरतो. तरुण पोरगा दांतांनीं पुडी फाडून तोंडांत उलटी करतो. विडी ओढणारा एखादा भेटतो, सिगारेट ओढणारा त्याहूनही क्वचित्. आणि बाई तर पानपट्टीपुढें दिसतच नाहीं. तिची तंबाखू घरांत, तव्यावर, पहाटेच्या अंधारांत काळी होत असते.

ह्या सगळ्या व्यवहाराला मराठी भाषेंत एक क्रियापद पुरत नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. विडी, चिलीम व तपकीर आपण ओढतों. तंबाखू खातों, मळतों किंवा चघळतों. मिसरी लावतों अथवा घासतों. मिसरी म्हणजे तव्यावर करपेपर्यंत भाजून वाटलेली तंबाखू. कोठें तिला मशेरी म्हणतात, कोठें मिश्री. ती बोटावर घेऊन दांतांना व हिरड्यांना लावावयाची आणि बराच वेळ तशीच तोंडांत ठेवावयाची. लावणारी बाई तिला व्यसन समजत नाहीं. दांत दुखतो म्हणून, पोट साफ होतें म्हणून, डोकें हलकें होतें म्हणून ती लावते. तिला "तंबाखू खातां का?" असें विचारलें तर ती "नाहीं" म्हणेल, आणि तिच्या समजुतीप्रमाणें तें उत्तर अगदीं खरें असेल. मग "धूम्रपान करतां का?" ह्या आपल्या सुशिक्षित प्रश्नाचें तिच्यापुढें काय चालणार?

आतां थोडें दरबाराकडे. पोर्तुगीजांनीं अमेरिकेंतून आणलेली ही वनस्पति गोव्याकडून दक्षिणेंत पसरली, आणि अकबराचा वकील असद बेग ह्यास ती इ. स. १६०४ च्या सुमारास विजापुरास दिसली. उत्तरेंत अशी वस्तु त्यानें कधीं पाहिली नव्हती, म्हणून जडावाची नळी करवून ती त्यानें नजराण्यांत आणली. बादशहानें दोनचार झुरके घेतले. तेवढ्यांत हकीम आडवा आला: आमच्या ग्रंथांत हिचें नांव नाहीं, परीक्षा झाल्याखेरीज घेऊं नये. असद बेगानें वाद घातला कीं, प्रत्येक चाल पहिल्या दिवशीं नवीच असते, आणि फिरंगी लोक कांहीं इतके मूर्ख नाहींत. बादशहानें पुढें ती ओढली नाहीं. सरदार मात्र लागले. त्याच सालीं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्यानें तंबाखूच्या निषेधार्थ पुस्तिका लिहिली, आणि १६१७ सालीं जहांगिरानें तिच्यावर बंदी घातली. दोन्ही राजांचा उपयोग किती झाला हें सांगावयास नको. ह्या हकिमाचें आम्हांस मात्र कौतुक वाटतें. परीक्षा केल्याविना वापरूं नये, हें त्याचें म्हणणें मान्य झालें असतें तर पुढचीं तीनशें वर्षें वांचलीं असतीं.

दरबारांत तंबाखू धूर होऊन आली. पण खाली उतरतां उतरतां तिनें रूप पालटलें. ह्या देशांत तिच्या फार आधीपासून विडा होता, चुना होता, सुपारी होती, आणि तोंडांत कांहींतरी धरून ठेवण्याची संवय होती. नवी पाहुणी ह्या जुन्या घरांत राहावयास गेली. धुराला विस्तव लागतो, उसंत लागते. रानांत काम करणाऱ्या माणसाला चघळणें सोईचें. तंबाखूनें भूक मरते, हाही गुण, किंवा म्हणा दुर्गुण, मजुराला ठाऊक होता. येणेंप्रमाणें यूरोपांत तंबाखू मुख्यत्वेंकरून धूर झाली व आपल्याकडे मुख्यत्वेंकरून थुंकी झाली. ह्या भेदाचें रोगशास्त्रीय महत्त्व कळावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्या मराठी विकृतिशास्त्रज्ञाकडे आली. हे पुढें मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुही झाले. पाश्चात्य पाठ्यपुस्तकांत मुखाचा कर्करोग कोपऱ्यांत कोठें तरी असे. खानोलकरांच्या टेबलावर मात्र त्याचेच नमुने येऊन पडत. १९४४ सालीं त्यांनीं मुंबईंतील मुखकर्करोगाच्या ओळीनें आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षीं सूर्याबाई ह्या सहकारिणीबरोबर लिहिलेल्या निबंधांत त्यांनीं चालीरीतींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे तीन नवे भारतीय प्रकार मांडले. कमरेला धोतराची गांठ वर्षानुवर्षें घासून होणारा एक. आंध्राच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचें पेटतें टोक तोंडांत धरून ओढल्यानें टाळूस होणारा दुसरा. आणि खालच्या ओठाआड चुना-तंबाखू, म्हणजे बिहारी लोकांची खैनी, धरल्यानें होणारा तिसरा. सेनगांवचा म्हातारा जो बार भरतो तो ह्या तिसऱ्याचाच सख्खा भाऊ होय.

ह्या निबंधाचें खरें मोल त्याच्या दृष्टींत आहे असें आम्ही समजतों. रोगाचें कारण रक्तांत किंवा वंशांत शोधण्याचा तो काळ; खानोलकरांनीं तें माणसाच्या कमरेला व ओठाला शोधलें. माणूस काय नेसतो, काय चघळतो, विडीचें कोणतें टोक तोंडांत धरतो, हे प्रश्न त्यांनीं सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला आणून बसविले. १९५५ सालीं संघवी, राव व खानोलकर ह्यांनीं ओढणें आणि चघळणें वेगळें काढून दाखविलें: ओढणाऱ्यांचा रोग घशाकडे व जिभेच्या मुळाशीं अधिक, चघळणाऱ्यांचा तोंडाच्या पुढल्या भागांत व गालाकडे अधिक. क्रियापदाप्रमाणें रोगाची जागा बदलते, हें येथें प्रथम मुंबईच्या आंकड्यांनीं सिद्ध झालें.

पण जगाचें लक्ष तोंवर दुसरीकडे वेधलें होतें. १९५० सालीं इंग्लंडांत डॉल व हिल ह्यांनीं, आणि अमेरिकेंत विंडर व ग्रॅहॅम ह्यांनीं, सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखविला. १९६२ सालीं लंडनच्या वैद्यांच्या राजमान्य संस्थेनें व १९६४ सालीं अमेरिकेच्या मुख्य शल्याधिकाऱ्यानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. हीं कामें थोर आहेत ह्यांत शंका नाहीं. परंतु त्यांच्या तेजानें असें झालें कीं, तंबाखू म्हणजे सिगारेट, तिचा रोग म्हणजे फुप्फुसाचा, आणि ती सोडणें म्हणजे धूम्रपान सोडणें, हें समीकरण आपल्या इंग्रजी शिकलेल्या वर्गाच्या मनांत पक्कें बसलें. आमच्या महाविद्यालयांतल्या भिंतीवर जें चित्र लावलेलें असे त्यांतही आडवी रेघ सिगारेटीवरच मारलेली असे. आणि त्याच भिंतीचा कोपरा पिंकांनीं तांबडा झालेला असे.

रुग्णालयांत येणारा रोगी हा निवडलेला रोगी असतो. ज्याला मुंबईचें भाडें परवडलें तो येतो. सेनगांवाहून मुंबई पांचशें किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणून संशोधकांनीं खेड्यांत जाणें अवश्य होतें, आणि तें काम एका अनपेक्षित ठिकाणाहून निघालें. परमाणू व गणित ह्यांसाठीं विख्यात असलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत दंतसंशोधनाचा एक विभाग होता, डॉ. फली मेहता हे त्याचे प्रमुख. गणिताच्या वाटेनें आलेले प्रकाशचंद्र गुप्त व कोपनहेगनचे प्राध्यापक पिंडबोर्ग हे त्यांचे सहकारी. १९६६-६७ पासून ह्या मंडळींनीं भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, सिंहभूम व दरभंगा ह्या जिल्ह्यांत घरोघर जाऊन पन्नास हजारांहून अधिक माणसांचीं तोंडें तपासलीं. नंतर महाराष्ट्राची पाळी आली. पुणें जिल्ह्यांतील १,०१,७६१ खेडुतांची त्यांनीं पाहणी केली, आणि तिचा वृत्तान्त १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. एक लाख माणसांस आ करावयास लावून गालफडाच्या आंत पाहणें ही केवढी चिकाटी! लोकशाहींत उमेदवार मतासाठीं देखील इतक्या उंबरठ्यांवर जात नाहीं.

ह्या पाहण्यांनीं एक गोष्ट उजेडांत आणली, आणि पुढची सगळी आशा तिच्यावर उभी आहे. मुखाचा कर्करोग बहुधा एकाएकीं येत नाहीं. तंबाखू जेथें धरली जाते तेथें आधीं पांढरा चट्टा उठतो. तो वर्षानुवर्षें तसाच राहतो. कांहींचा पुढें कर्करोग होतो, आणि तंबाखू सुटली तर कांहींचा आपोआप विरूनही जातो. फुप्फुसांत काय चाललें आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं. गालफडांत काय चाललें आहे हें आरसा व विजेरी एवढ्या साहित्यानें खेड्यांतल्या कोणासही दिसूं शकतें. केरळांत पुढें झालेल्या मोठ्या चाचणीनें, २००५ सालीं, दाखवून दिलें कीं तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांचीं तोंडें अशीं नियमानें पाहिलीं तर मुखकर्करोगानें होणारे त्यांचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें कमी होतात. ज्या रोगाची सूचना इतकी आधीं व इतकी उघड मिळते त्यानें माणसें मरावीं, ह्यासारखें लाजिरवाणें दुसरें काय असेल?

१९७७ पासून मेहता-गुप्तांनीं पुढलें पाऊल टाकलें: केवळ मोजावयाचें नाहीं, सोडवावयाचें. एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम ह्या तीन जिल्ह्यांतील सुमारें ३६,००० तंबाखू घेणाऱ्यांस दर वर्षीं भेटून, तोंड तपासून, समोर बसून समजावून, चित्रपट, भित्तिपत्रकें, आकाशवाणी व वर्तमानपत्रें ह्यांचा उपयोग करून तंबाखू सोडण्याचा आग्रह केला गेला. १९८६ सालीं आलेल्या निष्कर्षांत एर्नाकुलममध्यें फरक ठळक दिसला. सोडणारे वाढले, आणि नवे पांढरे चट्टे उठण्याचें प्रमाण घटलें. भावनगरांत तेवढें यश आलें नाहीं. तीच माणसें, तोच उपदेश, आणि फळ जिल्ह्यागणिक निराळें! एका जिल्ह्याचा धडा दुसऱ्या जिल्ह्यांत जसाच्या तसा चालत नाहीं, हें ह्या प्रयोगाचें फलित लोक फारसें सांगत नाहींत. आम्हांस तेंच सर्वांत शिकण्यासारखें वाटतें. पुणें जिल्ह्याचीं तोंडें मोजलीं गेलीं खरीं, पण सोडविण्याच्या ह्या थोर प्रयोगांत महाराष्ट्राचा एकही जिल्हा नव्हता.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागानें निराळी कामगिरी केली ती बार्शीस. मुंबईंत इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीनें डॉ. जस्सावाला ह्यांनीं १९६३ सालीं कर्करोगाची नोंदवही सुरू केली होती. परंतु खेड्यांत रोगी रुग्णालयाकडे येतच नाहीं, मग नोंद कशाची करणार? १९८७ सालीं बार्शी, तसेंच मराठवाड्यांतील भूम व परांडा, ह्या तीन तालुक्यांतल्या साडेतीनशेंच्या आसपास खेड्यांसाठीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदवही उघडली. तिचे कार्यकर्ते रोग्याची वाट पाहत बसले नाहींत. ते गांवोगांव गेले, सरपंच व शिक्षक ह्यांस भेटले, तोंडांतली न भरणारी जखम किंवा अंगावरून अवेळीं जाणें ह्या खुणा समजावून दिल्या, आणि संशयित रोग्यांस तपासणीसाठीं आणलें. कांहीं वर्षांत रोगी आधींच्या अवस्थेंत येऊं लागले. नोंद करावयास गेलेला कारकून अर्धा वैद्य झाला, असेंच म्हणावयास पाहिजे.

इतकें होऊनही पहाटे मिसरी लावणारी बाई मोजणीच्या बाहेरच राहिली होती काय? पुण्याच्या पाहणींत ती दिसली होती. पण तिचा आकार लक्षांत आला तो १९९० नंतर, आणि तोही खेड्यांत नव्हे, खुद्द मुंबईंत. गुप्तांनीं मुंबईंतील ३५ वर्षांवरील ९९,५९८ माणसांची पाहणी केली. हातांत मावणारे संगणक घेऊन तपासनीस चाळींतून फिरले. त्या काळीं ही नवलाई होती. पुरुषांपैकीं ६९ टक्के तंबाखू घेणारे निघाले, ह्याचें कोणास आश्चर्य वाटलें नाहीं. परंतु स्त्रियांपैकीं ५७ टक्क्यांहून अधिक निघाल्या. आणि त्यांत धूर जवळजवळ नव्हताच. "आमच्याकडे बायका कोठें तंबाखू घेतात?" असें म्हणणाऱ्या शहरांत ही अवस्था! २००४ सालीं गुप्त व श्रीविद्या ह्यांनीं मुंबईंतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखू लावणाऱ्या अथवा खाणाऱ्या मातांच्या बालकांचें जन्मतःचें वजन सरासरी १०५ ग्रॅमनें कमी भरलें. १०५ ग्रॅम म्हणजे वाटीभर पीठ, असें कोणी म्हणेल. पण ज्या घरांत मूल आधींच दोन-अडीच किलोंचें जन्मतें तेथें वाटीभर मांसाचा हिशेब वेगळा असतो. १९९२ सालीं केंद्र सरकारनें दंतमंजनांत तंबाखू घालण्यास बंदी केली. ठीकच केलें. पण घरच्या तव्याला कोणता कायदा लागू करणार?

येथें वाचकांस थोडें दूर, अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं, नेणें भाग आहे. कारण आपला प्रश्न तेथें दुसऱ्या वेषांत भेटतो. मेक्सिको व मध्य अमेरिकेंतून आलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांत सिगारेट सोडविण्याचें कार्य पेरेझ-स्टाबल, मारीन प्रभृति संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत हातीं घेतलें. इंग्रजी पुस्तिकेचें स्पॅनिश भाषांतर करून वाटणें सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. आधीं ह्या लोकांस विचारलें कीं तुम्हांस सिगारेट कां सोडावीशी वाटते? गोऱ्या अमेरिकनांहून ह्यांच्या उत्तरांत कुटुंब अधिक होतें: लेंकरांच्या प्रकृतीला अपाय होतो, मुलांपुढें वाईट उदाहरण राहतें, अंगाला व तोंडाला वास येतो. हे लोक दिवसाकांठीं ओढतही कमी, त्यामुळें मोठ्या ओढणाऱ्यांसाठीं लिहिलेला उपदेश त्यांस आपला वाटत नसे. तेव्हां त्यांच्याच कारणांवर उभारलेली स्पॅनिश मार्गदर्शिका तयार झाली, आणि नभोवाणी व दूरचित्रवाणी ह्यांच्या द्वारें ती घरोघर पोंचली. ह्या मंडळींनीं भाषा बदलली असें म्हणतात. आमच्या मतें त्यांनीं विचारणाराच बदलला. पुस्तिकेंत आतां वैद्य बोलत नव्हता, घर बोलत होतें.

ही युक्ति सेनगांवास लागू पडेल काय? मिसरी लावणाऱ्या तरुण सुनेला कर्करोगाचें भय घालून फार कांहीं साधत नाहीं. तो रोग म्हातारपणाचा, आणि सासू तर साठ वर्षें लावून जिवंत आहे. पोटांतल्या मुलाचें वजन ही गोष्ट मात्र आजची व तिची स्वतःची आहे. तिच्यापुढें बोलणारा आंकडा १०५ ग्रॅमचा, फुप्फुसाचा नव्हे.

पुरुषांच्या बाबतींत दरम्यान नवें संकट आलें. सुपारी, तंबाखू, कात व सुवास ह्यांची तयार पुडी, गुटखा ह्या नांवानें, १९८० नंतरच्या काळांत खेडोपाडीं पसरली. चंचीला मळणें लागे, मळावयास वेळ लागे, आणि वडीलमाणसांपुढें मळतांना संकोच वाटे. पुडीला ह्यांतलें कांहींच लागत नाहीं. डॉ. जोशी ह्यांनीं १९५३ सालीं वर्णन केलेला, तोंडाच्या आंतील अस्तर घट्ट होऊन जबडा उघडेनासा करणारा विकार पूर्वीं प्रौढांचा मानला जाई. तो आतां कोवळ्या पोरांत दिसूं लागला. त्याचें कारण सुपारी, आणि सुपारी स्वतः कर्करोगकारक आहे हें जागतिक संस्थेनें २००४ सालीं जाहीर केलें. महाराष्ट्र सरकारनें २००२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. १९५४ च्या भेसळविरोधी कायद्याखालीं राज्याला तो अधिकार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं ठरविलें. नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारें २० जुलै २०१२ रोजीं ती पुन्हा आली. बंदीनें पुडी महागली व आडोशाला गेली. नाहींशी झाली असें पानपट्टीपुढें उभ्या राहणाऱ्यास म्हणवणार नाहीं. कायदे करणाऱ्यांपैकीं गोव्यानें भाषेचें भान दाखविलें, हें सांगितलें पाहिजे. पणजीचे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य ह्यांच्या खटपटीनें तेथें १९९७ सालीं जो कायदा झाला त्याच्या नांवांतच धूम्रपानाबरोबर थुंकणें आहे.

आणि तंबाखू पिकविणाऱ्याचें काय? निपाणीच्या मराठी मुलखांत विडीच्या तंबाखूचा भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांनीं शरद जोशींच्या नेतृत्वाखालीं १९८१ सालीं रस्ता धरला, आणि गोळीबारांत त्यांच्यांतले कांहीं मेले. विड्या वळणाऱ्या हजारों बायकांच्या चुली ह्याच पानावर पेटल्या आहेत. तंबाखू सोडा म्हणणाऱ्यानें हा हिशेब विसरूं नये. तथापि हिंगोलीच्या रानांत हा प्रश्न नाहीं; तेथें पिकतें सोयाबीन व हळद, आणि तंबाखू येते ती केवळ खर्चाच्या बाजूला.

आतां आजचे आंकडे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं २६.६ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू घेतात असें आढळलें. २००९-१० सालीं हें प्रमाण ३१.४ होतें, म्हणजे उतार पडला आहे. पण त्यांची फोड पाहावी: ओढणारे ३.८ टक्के, आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. ही फोड करतां आली, कारण प्रश्न विचारणाऱ्यांनीं मिसरी, गूल, तपकीर ह्यांचीं नांवें घेऊन विचारलें होतें. त्याच पाहणींत देशभरच्या लोकांस आणखी एक गोष्ट विचारली होती: मागल्या वर्षांत तुम्ही वैद्याकडे गेलां तेव्हां त्यानें तंबाखू सोडावयास सांगितलें काय? ओढणाऱ्यांपैकीं ४८.८ टक्क्यांनीं होय म्हटलें, खाणाऱ्या-लावणाऱ्यांपैकीं ३१.७ टक्क्यांनींच. ओढणाऱ्याच्या अंगाला वास येतो, खिशांत पाकीट दिसतें, वैद्य विचारतो. ओठाआडचा बार व हिरडीवरची मिसरी न विचारतां निघून जाते.

सरकारी तंबाखू-मुक्ति केंद्रें २००२ पासून आहेत, २०१६ पासून दूरध्वनीवर फुकट सल्ला देणारी सेवा आहे. सेनगांवच्या बाईपर्यंत ह्यांतलें पोंचतें तें आशाताईच्या रूपानें. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मुख, स्तन व गर्भाशयमुख ह्यांच्या कर्करोगासाठीं तपासणी करावी असें केंद्रानें ठरविलें, त्यासाठीं आशाताईच्या हातीं एक छापील तक्ता दिला. त्यांत तंबाखूचा प्रश्न आहे: धूम्रपान करतां का, अथवा गुटखा किंवा खैनी ह्यांसारखी धूररहित तंबाखू घेतां का? उत्तराला शून्य, एक किंवा दोन गुण; गुणांची बेरीज ठराविक आंकड्याच्या वर गेली तर बाईला तपासणीसाठीं आधीं पाठवावयाचें. खैनी हा शब्द बिहारचा. सेनगांवांत तो कोणी बोलत नाहीं. मिसरीचें नांव मूळ प्रश्नांत नाहीं. छापील शब्द जसाच्या तसा वाचला तर ओसरीवर बसलेली बाई मान हलवून नाहीं म्हणते आणि तक्त्यांत शून्य पडतें. आशाताई मात्र त्याच गांवची असते. कागद मिटण्यापूर्वीं ती आपल्या पदरचा एक प्रश्न विचारते, "आन् मावशी, मिसरी लावता का?" मावशी पदरानें तोंड पुसून हंसते, आणि शून्य खोडून त्या जागीं दोन लिहावें लागतात.